शिंगीचं डावं तोंड

माझ्या भावाला सगळा तबेला लोणी मास्तर म्हणायचा. तो गोरा नव्हता, गुबगुबीत नव्हता आणि गोड बोलणारा तर मुळीच नव्हता. नाव पडलं ते हातांवरून. कोवळ्या शिंगराच्या तोंडात पहिल्यांदा लोखंडाची कडी घालायची, लगाम म्हणजे काय ते त्याला समजावून द्यायचं, तर हात लोण्यासारखा लागतो. तसा हात आमच्याकडे एकाचाच होता. मला कात्री म्हणतात. ते कशावरून, हे माझ्याशी दोन मिनिटं बोललात की कळेल. आमचा नालबंद म्हणायचा, "एका आईच्या पोटी एक लोणी आणि एक कात्री! तुमच्या वडिलांनी ह्या घरात दिवस कसे काढले असतील?"

वडिलांनी फार दिवस काढलेच नाहीत. आई आणि ते एका वर्षात गेले, तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी आठ. दादा ह्याच तबेल्यात मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, शेण काढायचा, चंदीचा दाणा भिजत घालायचा. चंदीच्या कोठीवर एक खोली होती, तिथे त्याने मला आणून ठेवलं. शाळेत जाताना माझी वेणी तोच घालायचा. त्याला वेणी एकाच प्रकारची येत होती, घोड्याच्या शेपटीची. वर्गातल्या मुली हसल्या, तर मी त्यातल्या दोघींना चावले. शाळेतून बोलावणं आलं. दादा शिक्षिकेसमोर टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "चावते म्हणजे कुठेतरी दुखतंय तिला. माझ्याच हातून वेणी घट्ट पडली असणार." त्या बाईंना हसावं की रडावं कळेना.

हा त्याचा स्वभाव. जनावर चुकलं की आधी आपल्याकडे काय चुकलं ते बघायचं. घोड्यांना तो अहो-जाहो करायचा आणि माणसांना अरे-तुरे. "अहो बाईसाहेब, पाय जरा उचलता का?" असं घोडीला म्हणणार आणि पलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या साहेबाला, "सर रे जरा बाजूला, लाथ बसेल." आणि घोड्याबद्दल खोटं बोलायचं नाही, हा त्याचा हट्ट. लंगडा असेल तर लंगडा सांगायचा, समोर कोणीही असो. त्यापायी त्याने चांगले चांगले लोक तोडले, पण त्याचा शब्द दहा गावांत चालायचा. लोणी मास्तर बरा म्हणाला म्हणजे घोडा बरा.

लग्न केलं, तेही तबेल्यातल्या सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे टुमणं लावलं तेव्हा. वहिनी शांत होती. मी दोघांच्या वाटचं बोलायचे, म्हणून घरात आवाज असायचा. मूल झालं नाही. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली. त्या वर्षी दादा जेवायचा नाही, अंघोळीला उठायचा नाही, खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी ओरडले, रडले, ताट आपटलं, काही उपयोग झाला नाही. मग तबेल्याच्या मालकीणबाईंनी एकदम तीन शिंगरं आणली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही नाही उठलात तर ह्यांना मीच घडवते." मालकीणबाईंचा हात म्हणजे विहिरीतून बादली ओढणाऱ्याचा हात. दादा त्याच दिवशी उठला. माझा भाऊ जगला तो त्या तीन शिंगरांमुळे, हे मी कोणाहीपुढे सांगेन. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते का केलं, असं तुम्ही विचारणारच.

आमच्याकडे लोक घोड्यावर बसायला शिकायला येतात. लहान मुलं, म्हातारे, लग्न ठरलेल्या मुली, सगळे. म्हणून घोडा अगदी भरवशाचा लागतो. नवीन शिंगरू आलं की वर्षभर त्याच्यावर फक्त मास्तरच बसणार, दुसरं कोणीही नाही. मी नाही, मालकीणबाई नाहीत. दहा हात लागले की कोवळं तोंड बिघडतं, हे खरंच आहे. वर्ष झालं की मास्तर सांगणार, पास. मग मालकीणबाई तबेल्यातल्या त्याच्या खणाच्या दारावर रंगाने नाव लिहिणार. तोवर त्याला नाव नाही. नुसतं शिंगरू, मादी असेल तर शिंगी.

ही शिंगी बदामी रंगाची होती, डोळे बटबटीत आणि वागणं एखाद्या आगाऊ पोरीसारखं. माझा चहा प्यायची. कप कठड्यावर ठेवून मी मागे वळले की संपलाच. दादाच्या खिशातला रुमाल ओढायची. दादा तिला म्हणायचा, "अहो, लोकांच्या खिशात हात घालणं शोभतं का तुम्हाला?" आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम रुमाल अर्धा बाहेर ठेवायचा. वहिनी गेल्यावर इतक्या वर्षांनी मी त्याला हसताना बघितलं ते ह्या घोडीपायी.

पण घोडी डाव्या लगामावर रेलायची. म्हणजे काय ते सांगते. एखादा माणूस जिना चढताना कठड्यावर सगळा भार टाकतो, तसा ती डाव्या बाजूने कडीवर भार टाकायची. मग घोडा वाकडा चालतो, वळवावा तिथे वळत नाही, रिंगणात गोल काढायला सांगितला तर अंडं काढतो. कदम चालीत कमी, दुडकीत जास्त. दादा खाली उतरला की डावा खांदा चोळत म्हणायचा, "आज बाईसाहेबांनी हात उपटून काढला."

त्याने काय काय केलं नाही! आधी दात. जनावरांच्या डॉक्टरने दाताची टोकं कानशीने घासून दिली. मग खोगीर उसवून त्यात नवीन लोकर भरून घेतली, कारण एका बाजूला दबलं असेल तर घोडा त्या बाजूला झुकतो. नालबंदाने तिचे चारही नाल काढून पुन्हा ठोकले. तो कुरकुरला, "मास्तर, घोडीला नवीन चपला देऊन तोंड कसं सरळ होईल?" दादा म्हणाला, "तू ठोक रे." कडी बदलली, रबर गुंडाळलेली घातली. एकदा लांब दोरीवर, पाठीवर कोणी नसताना, गोल फिरवून बघितलं. दोन्ही बाजूंनी घोडी सुतासारखी सरळ! दादाने त्यातून काढलं ते असं, की पाठीवर वजन आलं की रेलते, म्हणजे पाठीत काहीतरी आहे. मग पाठ शेकणं सुरू झालं.

आणि मुख्य उपाय तर मलाही पाठ होता, कारण मला तो दादानेच शिकवला होता. घोडा ज्या लगामावर रेलतो तो लगाम आपण ढिला सोडायचा. टेकायला काही मिळालं नाही की तो आपल्या पायांवर उभा राहतो. आपण ओढून धरलं तर तो आणखी रेलणार, आपण आणखी ओढणार, ह्याला अंत नाही. दादा सोडत होता. रिंगणातून त्याचा आवाज यायचा, "हा घ्या सोडला. घ्या, सोडला बाईसाहेब. आता तरी?" तो सोडतोय असंच त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

मी डोळे असून बघितलं नाही. तो चालताना डावा हात हलेनासा झाला होता, नुसता लोंबत असायचा. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा. मी काय म्हणाले माहीत आहे? "काय दादा, डावा हात इस्त्री करून आणलास काय? जरा हलव की!" तो हसला. आयुष्यभर घोड्यांवरून पडलेला माणूस, पन्नाशी उलटलेली, एखादा सांधा धरला असेल, एवढंच मला वाटलं.

मालकीणबाईंनी महिनाअखेरची मुदत दिली. त्या वाईट नाहीत, पण खण मोजके आणि शिकायला येणारे वाढलेले. "पास असेल तर राहील, नसेल तर तिच्या जागी दुसरं आणावं लागेल, मास्तर." नापास घोडा कुठे जातो ते आम्हाला ठाऊक होतं. दलालाचा ट्रक येतो आणि मग ओझ्याचं काम, जिथे मिळेल तिथे.

त्याच महिन्यात दादा आणि मालकीणबाई दुसऱ्या गावी एक शिंगरू बघायला गेले, दोन दिवस. जाताना दादा मला तीनदा म्हणाला, "फक्त दोरीवर फिरव. वर बसायचं नाही." मी म्हटलं, "मी काय काल आले का तबेल्यात?" पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रिंगणात कोणी नव्हतं. शिंगी नाचत होती, अंगात नुसती रग. माझे हात शिवशिवले. वाटलं, ही रेलते म्हणजे नक्की कशी, एकदा बघावं. मला कळलं तर दादाला काहीतरी सुचवता येईल. खरं सांगायचं तर थोडी मिरवायची हौसही होती, की जे मास्तरला जमलं नाही ते कात्रीने शोधलं.

मी खोगीर घातलं आणि बसले. कदम. मग दुडकी. डावीकडे गोल, उजवीकडे गोल. घोडी रेलली नाही. दोन्ही लगाम माझ्या बोटांत शिवणाच्या दोऱ्याइतके हलके. मी नुसतं डाव्या बाजूला बघितलं की ती वळत होती. इतकी गोड चालणारी घोडी मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. पहिल्या दोन फेऱ्या मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. तिसऱ्या फेरीला मी तिला थांबवलं. घोडी रेलत नाही, तर मग रेलतंय कोण?

मी खाली उतरले. तो लोंबणारा हात, ती बटणं, तो चोळलेला खांदा, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. दादाचा डावा हात सुटतच नव्हता. त्याला वाटत होतं की सोडला, पण हात धरूनच होता. आमचे जुने घोडे वर्षानुवर्षं त्याच्या ओळखीचे, ते बिचारे सांभाळून घेत होते. ह्या कोवळ्या तोंडाला सांभाळून घेणं कुठलं माहीत! त्या लोखंडावर टेकण्याशिवाय तिला दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

मी रिंगणातले टापांचे ठसे दाताळ्याने ओढून सारखे केले. खोगिराखालचा तिचा घाम पुसला. संध्याकाळी दादा आला तो तडक शिंगीच्या खणाशी. "काय म्हणतात बाईसाहेब?"

"दोरीवर ठीक," मी म्हटलं.

ह्या तोंडाने मी त्याला काय काय ऐकवलंय. जेव म्हणून, अंघोळ कर म्हणून, वहिनीच्या साड्या आता कोणाला तरी दे म्हणून. कधी जीभ अडखळली नाही. पण तुझा हात गेला, हे कसं सांगू? त्याच्याकडे दुसरं होतंच काय? तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला तर ह्या वेळी त्याला उठवायला कोण होतं? रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगते. मग तो रिंगणात जाताना रुमाल खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवायचा, आणि माझी दातखीळ बसायची.

शिवाय मी मनाशी एक हिशेब केला होता, आणि तोच मला नडला. मला वाटलं, घोडीवर ह्याचा एवढा जीव, हा काही तिला नापास करायचा नाही. अजून सहा महिने द्या म्हणेल. मालकीणबाई त्याचं ऐकतील. तेवढ्यात मी काहीतरी निमित्त काढून त्याला डॉक्टरकडे नेईन, हळूहळू कळेल, घोडीही राहील. मोठी हुशार मी!

मुदतीच्या दिवशी मालकीणबाई रिंगणाच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसल्या. नालबंद आणि मी शेजारी उभे. दादाने दाढी केली होती. घोडी दुडकीत आली आणि रेलली. दुसऱ्या फेरीला जास्त. तिसऱ्या फेरीला ती सरळ कठड्यावर गेली आणि दादाचा गुडघा लाकडावर खरवडला गेला. त्याने तिला थांबवलं, उतरला, तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग लंगडत आमच्याकडे आला.

"हिचं डावं तोंड मेलेलं आहे," तो म्हणाला. "त्या बाजूला कडी लागलेली कळतच नाही हिला."

मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, सहा महिने अजून हवेत का? तुम्ही म्हणत असाल तर बघू."

त्या स्वतःच म्हणाल्या! माझा जीव भांड्यात पडला. पण दादाने मान हलवली. "मेलेलं तोंड परत येत नाही. उगीच आशा कशाला लावू? हिच्यावर एखादं पोर बसलं आणि ती अशी कठड्यावर गेली, तर मी काय तोंड दाखवू?" त्याचे डोळे भरले होते. मी माझ्या भावाला घोड्यासाठी रडताना आधी कधी बघितलं नव्हतं.

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "कात्री, तू रोज बघतेस. तुला काय वाटतं?"

आख्ख्या तबेल्यात ज्या बाईचं तोंड मिटत नाही, तिला त्यांनी विचारलं होतं. दादा माझ्याकडे बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की मी बसले होते तिच्यावर, ती ठीक आहे. मी म्हणाले, "मास्तर म्हणतात तसंच."

दोन दिवसांनी दलालाचा ट्रक आला. शिंगी फळीवर चढेना, तेव्हा दादाने स्वतः तिला चढवलं. ती त्याच्यामागून गेली, कारण तो पुढे होता. खाली उतरल्यावर त्याने दलालाला बजावलं, "पुढे जो घेईल त्याला सांग, डावं तोंड मेलंय. सांभाळून चालव म्हणावं. कोणाला इजा व्हायला नको." दलाल म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव घेऊन सांगतो." आणि त्याने तसंच सांगितलं, हे पुढे कळलं.

मग ते दुसऱ्या गावचं शिंगरू आलं. काळं, भित्रं, गरीब. पाचव्या आठवड्यात ते डाव्या लगामावर रेलायला लागलं. एके दिवशी सकाळी दादा रिंगणाच्या मधोमध थांबला, उतरला आणि बराच वेळ घोड्याकडे नाही, आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मग खोगिराच्या खोलीत आला. मी पट्ट्यांना तेल लावत होते. त्याने खुंटीवरचा एक लगाम काढला आणि त्याचं एक टोक मला दिलं.

नवीन माणसाला शिकवायची ही त्याची रीत होती. एकाने घोडा व्हायचं, डोळे मिटून टोक धरायचं. दुसऱ्याने स्वार व्हायचं, धरायचं आणि सोडायचं. घोड्याने सांगायचं, केव्हा सुटलं.

"मीट डोळे," तो म्हणाला. "आणि खरं सांग."

मी डोळे मिटले. पट्टी ताणली गेली.

"आता सोडला," दादा म्हणाला. "सुटला?"

"नाही, दादा."

"आता?"

"नाही."

"आता तर पुरता सोडला. आता?"

पट्टी तशीच ताठ होती. मी डोळे उघडले. तो आपली मूठ बघत होता, उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. मला रडू फुटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. कसं ते मी नाही सांगू शकणार. त्यानेच मला वाढवलंय.

"शिंगीवर बसली होतीस तू."

"हो."

"कधी?"

"तू गावाला गेला होतास तेव्हा. मुदतीच्या आधी."

मला वाटलं आता मारेल. मारायला हवं होतं. तो बाजूच्या पेटीवर बसला. "रेलली?"

"नाही. हलकी होती. दोन्ही बाजूंनी."

"दुडकीतसुद्धा?"

"दुडकीतसुद्धा. नुसतं बघितलं की वळत होती."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, मास्तरचं, पास करताना येतं तसं. "म्हणजे चांगली घडली होती," तो म्हणाला. आणि मग दोन्ही हातांत डोकं धरून असा रडला की पलीकडच्या खणातली घोडी खिंकाळायला लागली.

मला एक शब्द लावून बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माणसांच्या डॉक्टरने त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर ओळ लिहायला लावली. म्हणाले, मेंदूतला आजार आहे, हात आखडतो, सोडायचा हुकूम उशिरा पोचतो. दोन वर्षांपासून तरी सुरू असणार. औषधाने थोडं बरं राहील, पण गेलं ते परत येणार नाही. दादाने डॉक्टरांना एकच विचारलं, "मला कसं कळलं नाही?" डॉक्टर म्हणाले, ज्याचा हात असतो त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतं.

तिथून बाहेर पडल्यावर त्याने दलालाला गाठलं. शिंगी तीन तासांवरच्या एका गावात, लाकडाच्या वखारीत गाडीला होती. मालकीणबाई म्हणाल्या, "आणा परत, मी खण रिकामा करते." दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गेलो. वाटेत दादा एकदाच बोलला. "थोडेच महिने झालेत. तोंड कोवळं आहे अजून. येईल परत."

वखारीच्या अंगणात ती रिकाम्या गाडीशेजारी बांधलेली होती. गाडीवान चांगला माणूस होता, हे मला सांगायलाच हवं. घोडीचं अंग चकचकीत होतं, पायांत नाल नवीन, पुढ्यात गवत. आम्ही घोडी बघायला आलोय म्हटल्यावर तो खूश झाला. "गुणी आहे हो. सुरुवातीला पार नाकी नऊ आणले होते. पण मला विकतानाच सांगितलं होतं, हिचं डावं तोंड मेलेलं आहे. ते कोणी मोठे मास्तर आहेत ना, त्यांचा शब्द. म्हणून मी पहिल्या दिवसापासून डाव्या बाजूला ही घातली."

त्याने खुंटीवरची कडी दाखवली. डाव्या बाजूला करवतीसारखे दाते होते. "मेलेल्या तोंडाला साधी कडी काय कळणार? पहिला महिना रक्त यायचं, आता नाही येत. आता ऐकते."

दादाने घोडीलाच विचारलं, "बघू का हो?" आणि उजवा हात तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घातला. शिंगी हलली नाही. तिने त्याला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो बराच वेळ बोट फिरवत होता, दाबत होता. मी विचारलं, "कळतंय का रे तिला?" त्याने हात बाहेर काढला. बोट कोरडं होतं. जिवंत तोंड बोट चघळतं, लाळेने ओलं करतं.

"नाही," तो म्हणाला. "आता खरंच मेलंय."

तिला परत न्यायची गोष्ट तिथेच संपली. तिच्यावर मूल बसवता येणार नव्हतं, आणि ते सांगायला मालकीणबाईंची गरज नव्हती. दादाने गाडीवानाला कडीच्या दात्यांवर चामडं कसं गुंडाळायचं ते दाखवलं. डावा हात साथ देईना, म्हणून मी टोक धरलं आणि त्याने गुंडाळलं. गाडीवान निरखून बघत होता.

"तुम्ही जाणकार दिसता. कोण तुम्ही?"

"तो मास्तर मीच," दादा म्हणाला. "हिचं तोंड मेलेलं नव्हतं. माझा हात गेला होता. मी चुकीचं सांगितलं."

गाडीवानाला आधी समजलंच नाही. दादाने पुन्हा सांगितलं, सावकाश, पहिल्यापासून. मग त्या माणसाचा चेहरा उतरला. त्याने त्या कडीकडे बघितलं आणि घोडीकडे बघितलं. "म्हणजे मी उगीचच..." तो म्हणाला, आणि मग त्याला राग आला, यायलाच हवा होता. "अहो, पण एवढा मोठा तबेला तुमचा! एवढी माणसं! एकालाही कळलं नाही? एकाने तरी वर बसून बघायचं की!"

माझा भाऊ घोड्याबद्दल आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "कोणालाच माहीत नव्हतं. तिच्यावर माझ्याशिवाय कोणी बसलंच नव्हतं."

गाडीवानाने माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मान हलवली, हो म्हणून.